एरंडेलाची कॉफी

नवी कॉफी आली! चामराजपेटच्या स्टॉपवर बस थांबायच्या आधीच मला कळलं. खिडकीतून तो वास आत आला आणि माझ्या शेजारच्या बाईनंही मान वर केली. गेल्या वर्षीचं बी भाजताना येणारा वास आणि नव्या हंगामाचं बी भाजताना येणारा वास यांत फरक असतो, हे लग्न होऊन मी बंगळूरला आले तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आता माझंच नाक मला सांगतं. जानेवारी सरत आलेला असतो, भाजीवाल्यांकडे अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागलेले असतात, जे. पी. नगरात आमच्या रस्त्यावरची झाडं पानं टाकून नुसत्या गुलाबी फुलांनी भरलेली असतात आणि माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या, दुकानातलं भाजायचं पिंप सकाळपासून फिरत असतं. माझ्या मांडीवर एक रिकामा पत्र्याचा डबा होता. तो भरून घ्यायला मी निघाले होते, कारण उद्याची आमची गाडी होती.

गाडी कुठली ते सांगते. पण आधी परवाची गंमत सांगू दे, नाहीतर राहून जाईल.

आमच्या घराजवळ नवीन कॉफीचं दुकान निघालंय. काचेचा दरवाजा, उंच स्टुलं आणि भिंतीवर खडूनं लिहिलेला फळा. फळ्यावर कॉफीची नावं कमी आणि डोंगरांची जास्त. शाळेतून येताना मी सहज आत शिरले. मी भूगोल शिकवते, त्यामुळे कुठेही डोंगराचं नाव दिसलं की मला थांबावंच लागतं. काउंटरवरची मुलगी पुण्याची निघाली. माझं मराठी ऐकून ती खुलली.

"मॅम, ही ट्राय करा ना. सिंगल ओरिजिन आहे, म्हणजे एकाच रीजनची, मिक्स नाही काही. आणि हायलँड्सची आहे, तिकडे सगळी व्हॉल्कॅनिक सॉइल असते. म्हणून इतकी ब्राइट लागते."

"माझ्या बाबांकडेही आहे," मी म्हणाले. "ज्वालामुखीच्या डोंगरावरची. एकाच अंगणातली."

"ओ वॉव! कुठे असतात ते? ग्वाटेमाला?"

"चिखलदऱ्याला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. चिखलदरा कुठे आलं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथेच तिचा तास घेतला. मुली, म्हटलं, तू पुण्याची ना, तुझ्या पायाखाली काय आहे माहीत आहे का? आपलं अख्खं दख्खनचं पठार म्हणजे थरावर थर साचून थंड झालेला लाव्हा. सह्याद्रीचा काळा कातळ तोच, अजिंठ्याची लेणी कोरली तो खडकही तोच, आणि पार वर मेळघाटात गाविलगडाच्या रांगेवर चिखलदरा आहे तिथलाही तोच. आपण सगळे ज्वालामुखीवरच वाढलोय, फक्त तो विझून इतका काळ लोटला की आपण विसरलो. ती हसत होती. तिनं दिलेली कॉफी छान होती. पैसे देऊन मी बाहेर पडले तेव्हा मला बाबा इथं राहायला आले त्या जानेवारीची इतकी आठवण आली की घरापर्यंतचा रस्ता कसा संपला ते कळलं नाही.

मी मूळची त्या काळ्या दगडावरची. बंगळूरचा दगड वेगळा. पोरांना घेऊन मी लालबागेत जाते तेव्हा तिथल्या त्या फताड्या खडकावर बसवून सांगते, की हा आपल्या दख्खनच्या दगडाचा पणजोबा शोभेल, इतका जुना. माझं सासरही तसंच, शहाजीराजांच्या काळापासून इथं रुजलेलं. घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पहिलं वर्षभर मी नुसती मान हलवत होते. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. माझी मोठी नणंद ती अक्का. तिनं लग्न केलं नाही, दुकानाचा गल्ला तिनंच सांभाळला. मला अण्णा 'अम्मा' म्हणतात. इकडे लेकीसुनांना लाडानं तसंच म्हणतात. पहिल्या दिवशी सासऱ्यांनी अम्मा म्हटल्यावर मी मागे वळून कोण आलंय ते पाहिलं होतं.

आणि मी चहाच्या घरातली! वऱ्हाडात पाहुणा आला की पातेलं चढतं ते चहाचं. कॉफी म्हणजे परीक्षेच्या वेळी जागायला प्यायची, नाहीतर सिनेमातल्या श्रीमंतांनी. इथं सकाळी उठल्यावर पितळी फिल्टरखाली थेंब थेंब साचलेलं डिकॉक्शन, त्यावर उकळतं दूध, आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी हातभर उंचीवरून ओतलेली कॉफी. मला ती आवडायला फार वेळ लागला नाही. माणूस बाटायला एक घोट पुरतो.

चिखलदऱ्याच्या घरामागे उतारावर कॉफीची जुनी झाडं होती. साहेबांच्या काळात कुणीतरी लावलेली. आमच्या लहानपणी त्यांना कुणी विचारत नव्हतं. लाल फळं आली की आम्ही ती चोखून बिया थुंकायचो, बाकीची माकडं खायची. पण माझं लग्न कॉफीवाल्यांकडे ठरलं आणि आईचा त्या झाडांकडे बघायचा दृष्टिकोनच बदलला. ती त्यांना 'इवायाची झाडं' म्हणायला लागली. इवाई म्हणजे व्याही. उन्हाळ्यात त्यांना पाणी घालायची. फोनवर तुरीच्या, संत्र्यांच्या बातम्यांबरोबर मला इवायाच्या झाडांचीही बातमी मिळायची. एकदा येईन, म्हणायची, आणि तुह्या सासऱ्याले आपल्या घरची कॉफी देईन. ती आलीच नाही. एका पावसाळ्यात ती गेली.

आई गेली की माहेर संपतं, असं म्हणतात. मला ते वाक्य तेराव्याला इतक्या बायकांनी ऐकवलं की मी ते खरं मानायला लागले. घरात एकटे बाबा. शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, गुडघे कुरकुरणारे, स्वतःचा चहा स्वतः करून पिणारे. मी ठरवलं, बाबांना बंगळूरला आणायचं आणि परत जाऊ द्यायचं नाही. माहेर तिथं राहणार नसेल तर माहेरच उचलून इकडे आणू. त्या जानेवारीत मला दुसरं काही सुचत नव्हतं. यांनीही हो म्हटलं. हे सर्जापूर रोडला कामाला जातात, सकाळी अंधारात निघतात आणि रात्री उशिरा येतात. "बाबा असले तर घरात कुणीतरी माझ्याशी बोलेल तरी," हे म्हणाले, आणि मी लक्ष दिलं नाही.

संक्रांत झाली आणि बाबा आले. बरोबर तिळगूळ, नव्या तुरीची डाळ, एक गोणी आणि हा पत्र्याचा डबा. गोणीत कॉफी होती. आईनं आदल्या वर्षी वेचून, सोलून, वाळवून ठेवलेली.

"तुह्या मायनं इवायासाठी ठेवली होती," बाबा म्हणाले. "म्हटलं, तिची तेवढी इच्छा तरी पुरी करावं."

डब्यात काय आहे ते ते बोलले नाहीत. डबा त्यांनी पलंगाखाली सरकवून ठेवला.

आता व्याह्याव्याह्यांचं नातं कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. अण्णा बाबांना 'बीगरू' म्हणायचे. कन्नडात व्याह्याला हाच शब्द. बाबा अण्णांना 'इवाईबुवा' म्हणायचे. दोघंही मराठी बोलायचे आणि दोघांनाही एकमेकांचं निम्मंच कळायचं, पण आदर असा की विचारायचं नाही. अण्णा बोलले की बाबा "हो ना, हो ना," म्हणायचे. बाबा बोलले की अण्णा "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणायचे. दोघं पडवीत समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचे आणि मला आतून वाटायचं, किती छान जमलंय यांचं!

कसलं काय. बाबांना ती कॉफी उतरत नव्हती. दुधाळ, दाट, कडू, वर चिकोरीचा तो खरपूस वास. पण व्याह्याच्या हातची कॉफी, तीही कॉफीवाल्या व्याह्याच्या. नाही कशी म्हणणार? सकाळी पहिला पेला ते डोळे मिटून प्यायचे. अण्णा लगेच दुसरा द्यायचे. तो घेऊन बाबा "जरा मोकळ्या हवेत बसतो" म्हणत अंगणात जायचे. त्या महिन्यात आमच्या कडीपत्त्याला जी पालवी फुटली, ती मी बाबांच्या पायगुणाच्या खात्यावर घातली होती.

मग गोणीचा दिवस आला. बाबांना घेऊन मी चामराजपेटला गेले. अण्णांनी गोणी उघडली, मूठभर बी तळहातावर घेतलं, धोतराच्या टोकाला घासलं, नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा क्षणभर बदलला असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गोणीतलं थोडं बी टोपलीत घेऊन त्यांनी ते तापलेल्या पिंपात ओतलं.

आधी काही झालं नाही. मग पिंपाच्या तोंडातून पिवळसर धूर यायला लागला. हा धूर कॉफीचा नव्हता. तो जड होता, चिकट होता, आणि त्याचा वास लहानपणी नाक दाबून जो चमचा पाजला जायचा त्याचा होता. अक्का खोकत बाहेर आली. समोरचा शिंपी मशीन सोडून धावला. एक ऑटोवाला ऑटो थांबवून ओरडला, "एनु सार, बेंकीना?" आग लागली की काय, असं विचारत होता. अक्का त्याला म्हणाली, "काही नाही, काही नाही, नवी जात आहे!" अण्णा धुरात उभे राहून डोळे पुसत बाबांना म्हणत होते, "स्वल्प ओलं असेल बी. होतं तसं. होतं."

बाबा मात्र दारात थिजून उभे होते.

"एरंडेल जळून रायलं," ते म्हणाले. "तुरीले लावते ना, तसंच लावलं होतं तिनं. कीड नाई लागत. मले वाटलं, तुमी बी लावत असान."

वऱ्हाडात वर्षाचं धान्य साठवताना त्याला एरंडेल चोळतात. आईनं आयुष्यभर तुरीला, गव्हाला चोळलं, तसंच तिनं तिच्या व्याह्यांच्या कॉफीला जिवापाड चोळलं होतं. तिच्या दृष्टीनं चांगलं धान्य असंच ठेवतात. मला हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही एकाच वेळी. बाबांचा चेहरा बघून हसू गिळलं.

घरी आल्यावर त्यांनी पिशवी भरायला घेतली. "आईतवारी जातो मी, माय. इवायाचं दुकान नासवलं. पोरीच्या सासरी लई दिवस रायनं बरं नाई." मी समजावलं, रागावले, रडले. त्यांची पिशवी भरणं चालूच होतं. माझं उचलून आणलेलं माहेर रविवारी परत जायला निघालं होतं, तेही मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी मी तरातरा दुकानात गेले आणि अण्णांना विचारलं, "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"कळलं नाही कसं, अम्मा?" अण्णा म्हणाले. "हातात घेतल्याबरोबर कळलं की. तेल आहे, एरंडेल आहे, सगळं कळलं. पण बीगरांनी आणलंय. त्यांच्या घरच्या बाईनं ठेवलेलं. त्याला 'बेडा' कसं म्हणू?"

नको कसं म्हणू! भीड ही भिकेची बहीण असं म्हणतात. इथं तर तिनं पिंपात एरंडेल ओतलं होतं. मला राग यायला हवा होता. पण अण्णा इतक्या निरागस चेहऱ्यानं बसले होते की गेले काही दिवस खिडकीतून पाहत होते ते माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, बाबा तुमची कॉफी कडीपत्त्याला घालतात. रोज."

अण्णांचा हात तराजूवरच राहिला. आयुष्यात त्यांची कॉफी कुणी टाकली नव्हती. अक्कानं तोंडाला पदर लावला. मग अण्णांच्या पोटातून कुठूनतरी खोलवरून हसू आलं आणि ते थांबेचना. हसता हसता त्यांनी चप्पल घातली, अक्काला "दुकान बघ" म्हटलं, आणि माझ्याबरोबर ऑटोनं सरळ जे. पी. नगरला आले. दारातूनच म्हणाले, "बीगरे, माझी कॉफी झाडाला घालता म्हणे!"

बाबा पलंगावर पिशवीशेजारी बसले होते. ते माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे बघायला लागले. मग बाबा उठून उभे राहिले आणि शिक्षक पोराला विचारतो तसं म्हणाले, "आन् तुमी? तुमाले एरंडेल कळलं होतं का नाई? खरं सांगा."

"कळलं होतं."

"मंग काहून नाई बोलले?"

"तुम्ही का नाही बोललात?"

दोघंही हसायला लागले, आणि आधी कोण हसलं ते मला आता सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी आमच्या घरात पहिल्यांदा चहाचं पातेलं चढलं. अण्णांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि उठून कपभर चहा थेट कडीपत्त्याला घातला. फिटंफाट झाली.

मग बाबांनी पलंगाखालून डबा काढला. "आता हे बी पाहून घ्या. पन खरं सांगजा."

डब्यात वाळलेली, सुरकुतलेली, काळी फळं होती. बी न काढता अख्खीच वाळवलेली, आम्ही बोरं वाळवतो तशी. या वर्षीची, आई गेल्यानंतर बाबांनी एकट्यानं वेचलेली. सोलायची कशी ते माहीत नव्हतं, म्हणून तशीच गच्चीवर पसरली. आणि याला एरंडेल नव्हतं.

"तेल किती लावाव हे मले माईत नाई," बाबा म्हणाले. "ते काम तिचं होतं."

अण्णांनी एक फळ दातानं फोडलं, आतलं बी काढून खिडकीच्या उजेडात धरलं, नखानं दाबलं. "गट्टी आहे," ते म्हणाले. घट्ट आहे. "डोंगरावर हळूहळू पिकलंय. बीगरे, हे भाजायचं. उद्याच."

तो दिवस! मी शाळेतून अर्धी रजा काढली. दुकानामागच्या जागेत अक्कानं उखळ धुऊन ठेवलं होतं. आम्ही दोघींनी फळं हलक्या हातानं कांडली, सुपात पाखडली. टरफलं उडून गेली आणि सुपाच्या तळाशी बी उरलं ते इतकं थोडं, की पिंपात घातलं असतं तर शोधावं लागलं असतं. पुन्हा भाजायला दुसरं बी नव्हतं. एकदाच काय ते. शेवटी अक्काची लोखंडी कढई निघाली. बाबांनी झारा हातात घेतला, का, तर लाह्या आणि शेंगदाणे भाजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. अण्णा शेजारी स्टुलावर बसले, डोळे मिटून, कान कढईकडे करून. हिरवट बी पिवळं झालं, मग दालचिनीच्या रंगाचं. वास आधी ओल्या गवताचा, मग भाकरीचा. मी श्वास धरून उभी होते. अक्का जप करत होती, निदान तिचे ओठ तरी हलत होते.

आणि तडतडायला लागलं! तट्, तट्, तटातट! असा खणखणीत आवाज की अण्णांनी डोळे उघडले. "बघ कसं फुटतंय! बघ अम्मा!"

"झालं!" बाबा ओरडले, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी कढई उतरवून बी सुपात पालथं केलं आणि जोरजोरात पाखडायला लागले.

"अय्यो, बीगरे! कच्चं आहे! अजून काळं व्हायचंय, पुन्हा एकदा फुटायचंय!"

"लाही फुटली का उतरवाव लागते! नाईतर जळते ना!"

"ही काय लाही आहे?"

"मंग काय हाये?"

दोन म्हातारे सुपाच्या दोन बाजू धरून भांडत होते, आणि मला आयुष्यात इतकं छान भांडण ऐकल्याचं आठवत नाही. तोवर बी गार झालं होतं. त्याला काळं करायची वेळ निघून गेली होती. अण्णा कपाळावर हात मारून म्हणाले, आता उद्यापर्यंत मुरू दे, मग बघू नशीब.

दुसऱ्या सकाळी अक्कानं ते दळलं. सवयीनं तिचा हात चिकोरीच्या डब्याकडे गेला आणि अण्णांनी तो मनगटाशी पकडला. फिल्टरमधून उतरलं ते पातळ, तांबूस, आरपार दिसणारं. बाबांचा चेहरा उजळला. "हे तं चहाच हाये!" अण्णांनी दूध घालू दिलं नाही. चार पेले, प्रत्येकात तळाशी थोडी थोडी.

मी प्यायले. काय सांगू? आधी जिभेवर बोराचा आंबटपणा आला. मग गुळाची गोडी. मग काही नाही, आणि मग कितीतरी वेळानं, मी पेला खाली ठेवल्यावर, पुन्हा काहीतरी फुलासारखं वर आलं. मला वाटलं हा माझाच भास, माहेरच्या ओढीचा. म्हणून मी अण्णांकडे पाहिलं. ते पेल्यात बघत होते. त्यांनी दुसरा घोट घेतला. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं. "त्याला सांग, स्वल्प थांब," ते अक्काला म्हणाले.

"मी जन्मभर मिसळतोय," ते हळूच म्हणाले. "या मळ्यातलं थोडं, त्या मळ्यातलं थोडं, वर चिकोरी. का, तर गिऱ्हाइकाला गेल्या वर्षीचीच चव या वर्षी द्यायची. हिच्यात मिसळायला मला काही सुचत नाही, बीगरे. चन्नागिदे. फार चांगली आहे."

बाबांनी पेला पालथा करून शेवटचा थेंबही घेतला. "बोरायसारखी लागते," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिनं पेली पायजे होती."

मी तर हवेतच होते. जिंकले, असं मला वाटलं. आता दोघांचं जमलं, आता बाबा राहणार! रविवारची पिशवी मी स्वतः रिकामी केली.

पण अण्णा गप्प बसणारे नव्हते. झाडं किती उंच आहेत? छाटता की नाही? सावली कशाची? फूल कधी येतं? बाबांना यातलं एकही उत्तर माहीत नव्हतं. "माकडं छाटतात," ते म्हणाले. अण्णांनी "अय्यो!" करून कपाळावर हात मारला. मग रोज पडवीत शाळा भरायला लागली. अण्णा कडीपत्त्यावर कात्री चालवून दाखवायचे, इथं काप, इथं काप नको, आणि माझा निवृत्त शिक्षक बाप शिकणाऱ्या पोरासारखा बघायचा. आमचा कडीपत्ता बोडका झाला. एका दुपारी अण्णा म्हणाले, फुलं यायच्या आधी, याच महिन्यात छाटणी झाली पाहिजे.

"मंग मले जा लागन," बाबा म्हणाले.

किती सहज म्हणाले! आई गेल्यापासून त्यांच्या आवाजात मी ती घाई ऐकली नव्हती. आणि मला ती ऐकून आनंद व्हायच्या ऐवजी अण्णांचा संताप आला. बाबा नाहीत असं बघून मी त्यांच्यावर बरसले. मी त्यांना इथं ठेवायचं म्हणून जिवाचं रान करतेय, आणि तुम्ही त्यांना परत पाठवता?

अण्णांनी ऐकून घेतलं. "अम्मा," ते म्हणाले, "इथं आपण त्यांना खुर्ची देऊ. चांगली खुर्ची देऊ. पण तिथं त्यांची वाट बघणारं काहीतरी आहे की."

मला ते त्या दिवशी पटलं नाही. खरं सांगायचं तर स्टेशनवर गाडी हलेपर्यंत पटलं नाही. बाबांच्या गोणीत अण्णांनी दिलेली छाटणीची करवत होती. डबा रिकामा परत कसा द्यायचा, म्हणून अण्णांनी तो स्वतःच्या दुकानच्या ताज्या पुडीनं, म्हणजे दळलेल्या कॉफीनं, काठोकाठ भरला होता.

"इवाईबुवा, हे मले उतरत नाई, माईत हाये ना तुमाले?"

"कडीपत्त्याला घाला," अण्णा म्हणाले.

गाडी सुटली तरी दोघं हसत होते. मी रडत होते. बाबा दारात उभं राहून हात हलवत होते, मान ताठ करून. आले होते तेव्हा त्यांची मान अशी नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

तेव्हापासून दर वर्षी जानेवारीत बाबा येतात. डबा भरून आणतात, कढई निघते, कधी उतरवायची यावरून भांडण होतं, आणि डबा पुडीनं भरून परत जातो. चिखलदऱ्याच्या झाडांभोवती आता पाण्यासाठी आळी केलेली आहेत. ही कॉफी अण्णा विकत नाहीत, जुन्या गिऱ्हाइकांना घोट घोट देतात. आणि तराजूशेजारी काचेच्या बरणीत आईचं एरंडेल लावलेलं बी आहे, गोणीत उरलेलं. त्याला अजून कीड लागलेली नाही. कुणी विचारलं तर अक्का सांगते, "आमच्या विहीणबाईंची आहे. विकायची नाही."

या वर्षी मात्र बाबांचे गुडघे नाहीच म्हणाले. इतका लांबचा प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं. आई गेल्यावर तेरावं आणि वर्षश्राद्ध सोडलं तर मी त्या घरी गेले नव्हते. बाबाच येत होते ना. फोनवर मी हिरमुसले, तर पलीकडून आवाज आला, "तू ये ना मंग. इवायाले बी घेऊन ये. कढई हाये इथं." अण्णांना सांगितलं, तर ते तिथल्या तिथे उठून स्वेटर शोधायला लागले. ऐन नव्या कॉफीच्या दिवसांत अण्णांचं दुकान कधी बंद राहिलं नव्हतं. उद्या राहणार आहे, कारण अक्काही येतेय. अक्कानं समोरच्या शिंप्याला आताच बजावून ठेवलंय, की कुणी विचारलं तर सांग, बीगरांच्या घरी गेलेत.

गेल्या वर्षी गाडीच्या गडबडीत डबा इथंच राहिला होता. तोच भरून न्यायला आज मी दुकानात गेले. अण्णांनी गरम पुडीचं पहिलं माप उचललंच होतं, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"निघाली का? काय करून रायली?"

"डबा भरतेय."

"काहून भरतं? रिकामाच आन." मग म्हणाले, "माहेरी येतानी कोनी डबा भरून आनते का, माय? भराले झाडं हायेत इथं."

अण्णांना फोनमधलं ऐकू गेलं होतं. त्यांनी माप परत पोत्यात रिकामं केलं, डब्याचं झाकण लावलं आणि तो माझ्या हातात दिला. "सरी," ते म्हणाले. "तसाच ने."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. डबा मी पोटाशी धरला होता आणि खड्ड्याखड्ड्याला त्याचं झाकण वाजत होतं. कंडक्टर बाईनं विचारलं, एवढं सांभाळून काय नेताय त्यात?

"एनू इल्ला," मी म्हणाले. काही नाही. "तवरिगे होग्ता इद्दीनि."

माहेरी चाललेय. ती हसली, आणि पुढच्या सीटवरची स्वतःची पिशवी उचलून तिनं मला डबा ठेवायला जागा करून दिली.